घाटाखालचा मुक्काम आणि गारव्याचा हिशेब

कोल्हापूरहून भोगावतीच्या खोऱ्याने राधानगरी, तेथून दाजीपूर आणि मग वळणावळणांनी उतरत फोंडाघाट, हा रस्ता आमच्या कुटुंबाच्या अंगवळणी पडलेला आहे. घाटाच्या पायथ्याशी, कणकवली तालुक्यातील फोंडाघाट गावापासून थोड्या अंतरावर आमच्या एका स्नेह्यांची काजूची बाग आहे. बागेत जांभ्या दगडाची एक विहीर, एक पडवी आणि भरपूर सावली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तेथे तंबू ठोकून आठ-दहा दिवस राहावे, ही कल्पना प्रथम माझ्या थोरल्या बंधूंची. गेल्या वर्षी एप्रिलअखेरीस आम्ही नऊ जण अकरा दिवसांसाठी तेथे गेलो. त्या मुक्कामात अन्न आणि पेये कशी सांभाळली, हे वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून लिहीत आहे. परंतु त्याआधी वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या एका मुक्कामाची हकीकत सांगणे भाग आहे. कारण ती चूक झाली नसती तर पुढचा हिशेब मी मांडलाच नसता.

त्या वेळी मी नोकरीत होतो. चार दिवसांची सुट्टी मिळाली होती आणि तयारीला वेळ नव्हता. घरातून एक थर्माकोलची पेटी घेतली आणि वाटेत घाईघाईने बर्फाची एक लादी विकत घेतली. विकणाऱ्याने लादी फोडता फोडता स्पष्ट सांगितले होते, ‘‘ह्यो बरफ मासळेचो, खावचो न्हय.’’ मी मान डोलावली. मनात म्हटले, आपल्याला तो खायचा कुठे आहे, बाटल्यांभोवती तर ठेवायचा आहे. आमच्या वहिनींनी मात्र नाक मुरडले होते. बर्फ हा आपल्याकडे अभक्ष्यांत गणलेला. त्यात तो मासळीचा. ‘‘बर्फ पोटात नको, पेटीत असू दे,’’ एवढ्या अटीवर त्यांनी तो चालवून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठी माणसे पडवीत लवंडली असताना मुलांनी लिंबाचे सरबत केले, आणि ते गार व्हावे म्हणून पेटीतील बर्फाचे तुकडे त्यात टाकले. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. ते सांगण्याचे काम माझे होते. मध्यरात्री माझ्या सात वर्षांच्या पुतण्याला उलट्या सुरू झाल्या, पहाटेपर्यंत जुलाब. गावातील डॉक्टरांना उठवावे लागले. घरून आणलेली जलसंजीवनीची दोन पाकिटे संपली. मग साखर-मिठाचे पाणी चमच्याचमच्याने पाजत वहिनी सकाळपर्यंत बसून राहिल्या. मुलगा दोन दिवसांत उठून बसला. पण त्या रात्री त्याचे खोल गेलेले डोळे कंदिलाच्या उजेडात पाहताना आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या मला स्वतःची चूक अगदी स्वच्छ दिसली.

कारखान्यात माल टिकवण्यासाठी होणारा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा असेलच असे नाही, हे आज पुष्कळांना माहीत आहे. २०१८ पासून महाराष्ट्रात अशा अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणे सक्तीचे केले गेले, ते याचसाठी. त्या काळी दोन्ही बर्फ सारखेच पांढरे दिसत. आजही माझा नियम असा की, विकतचा सुटा बर्फ पांढरा असो वा निळा, खाण्याच्या वस्तूला त्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. निघण्यापूर्वी महिनाभर मी एक वही केली. सौ. म्हणाल्या, ‘‘निवृत्त झालात तरी खतावणी सुटली नाही.’’ ते खरेच आहे. पण गारवा हा प्रकार खरोखर खात्यासारखा चालतो. बर्फ ही शिल्लक, आणि बाहेरून आत शिरणारी उष्णता हा रोजचा खर्च.

एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. शाळेत पाठ केलेला हा आकडा व्यवहारात किती उपयोगी आहे पाहा. समजा, ३४ अंशांवर तापलेल्या दहा लिटर पाण्याच्या बाटल्या आपण पेटीत ठेवल्या आणि त्या ४ अंशांपर्यंत गार व्हाव्यात अशी अपेक्षा केली. नुसत्या तेवढ्या कामासाठी पावणेचार किलो बर्फ खर्ची पडतो. म्हणजे प्रवास सुरू होण्याआधीच शिल्लक घटली. म्हणून पेटीत जाणारी प्रत्येक वस्तू आदल्या रात्रीपासून घरच्या फ्रीजमध्ये थंड करून मगच भरायची. एवढेच नव्हे, पेटीदेखील आदल्या रात्री एखादी गोठवलेली बाटली आत ठेवून गार करून घ्यायची.

दुसरा खर्च भिंतींतून होतो. तीन सेंटिमीटर जाडीच्या थर्माकोलची, साधारण दोन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद-उंच अशी पेटी धरली आणि बाहेर दिवसरात्रीचे सरासरी २८ अंश तापमान धरले, तर चोवीस तासांत सात-आठ किलो बर्फ वितळवण्याइतकी उष्णता भिंतींतून आत येते. झाकण एकदाही उघडले नाही तरी! अकरा दिवसांना ऐंशी किलोंच्या वर बर्फ लागला असता. हा आकडा वहीत मांडल्यावर मी काही वेळ स्वस्थ बसलो. इतका बर्फ नेणार कुठून, आणि ठेवणार कशात?

यातून दोन वाटा निघाल्या. एक, भिंत जाड करणे. जाडी दुप्पट केली की आत येणारी उष्णता जवळजवळ निम्म्यावर येते. दुसरी, गारव्याची गरज असलेल्या वस्तूच कमी करणे. पहिलीने थोडे साधले, दुसरीने पुष्कळ.

भिंत जाड करण्याची युक्ती जुनी आहे. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन कलकत्त्याला निघाले. विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी ते पोहोचले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता. त्या व्यापाराचा प्रवर्तक फ्रेडरिक ट्यूडर. पुढे त्याने लाकडाच्या भुशाचा मुक्तहस्ताने वापर केला आणि कलकत्ता, मुंबई, मद्रास येथे अमेरिकेचा बर्फ साठवण्यासाठी बर्फघरे उभी राहिली. मद्रासची ती इमारत आजही समुद्रकिनारी उभी आहे. स्वामी विवेकानंद तेथे काही दिवस राहिले होते, म्हणून तिला त्यांचे नाव आहे. सांगायचे हे की, भुसा स्वतः थंड नसतो. त्याच्या कणाकणांत अडकलेली हवा उष्णतेला वाट देत नाही. थर्माकोलचे मर्मही तेच, आणि गोधडीचेही.

कोकणात लाकडाचा भुसा शोधण्यापेक्षा भाताचे तूस मिळवणे सोपे. गिरणीवरून दोन पोती तूस आणले. पडवीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथे दिवसभर ऊन येत नाही, जांभ्याचे चार चिरे मांडून त्यांवर फळी ठेवली. फळीवर मोठे खोके, त्यात तुसाचा वीतभर थर, त्यावर थर्माकोलची पेटी, आणि चारी बाजूंनी पुन्हा तूस. झाकणावर जुनी गोधडी घडी करून. तूस कोरडे राहिले पाहिजे; ओले झाले की त्याचा उपयोग संपला. म्हणून पेटीच्या खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला होता.

पेट्या दोन केल्या. तुसातील पेटी ही आमची मुदत ठेव : ती दिवसातून एकदाच, पहाटे हवा सर्वांत गार असताना उघडायची. दुसरी लहान पेटी हे चालू खाते : दिवसभर लागणाऱ्या वस्तू पहाटे मोठीतून काढून तिच्यात ठेवायच्या. मुलांना झाकण उघडून आत डोकावण्याची फार हौस असते. दर वेळी आतली जड, थंड हवा सांडते आणि तिच्या जागी दमट, गरम हवा शिरते. त्या दमटपणाचे पाणी थंड बाटल्यांवर जमते तेव्हा तेही आपली उष्णता तेथेच सोडते. मोठ्या पेटीत मोकळी जागा राहिली की तेथे घडी केलेले टॉवेल दडपून भरले, म्हणजे हवेच्या येण्याजाण्याला जागाच नको.

सुटा बर्फ आम्ही नेलाच नाही. एक लिटरच्या बारा बाटल्यांत गाळून उकळलेले पाणी भरून त्या घरीच तीन दिवस गोठवल्या. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते, म्हणून गळ्यापाशी चार बोटे जागा सोडावी, नाहीतर बाटली फाटते. बाटलीतला बर्फ वितळला तरी भाजी भिजत नाही, दह्याच्या डब्यात पाणी शिरत नाही, आणि जे उरते ते पिण्याचे स्वच्छ पाणी. वहिनींचाही आक्षेप राहिला नाही. बर्फ पुरता वितळला की मगच त्या ते पाणी घेत.

आता दुसरी वाट. सौ. आणि वहिनी यांनी मिळून पदार्थांची यादी केली, आणि मला कबूल केले पाहिजे की माझ्या वहीपेक्षा ती यादी अधिक शहाणपणाची होती. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या पहिल्या दोन दिवसांना. मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजणीचे पीठ, मुगाचे सांडगे, तूप. लोणी थंडाव्याविना बिघडते. त्यातले पाणी कढवून काढले की तेच तूप होऊन महिनोन्‌महिने राहते. भाज्यांत लाल भोपळा, दुधी, काकडी, तोंडली. पालेभाजी स्थानिक बाजारातून त्या त्या दिवशी. दूध रोज सकाळी गावातून, आले की लगेच उकळून. अडीअडचणीला न उघडता बाहेर टिकणारी खोक्यातली दुधाची पाकिटे. पिठाची आपल्याकडे जी मर्यादा सांगितली आहे, हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस, ती त्यांनी तंतोतंत पाळली. उष्णता आणि दमटपणा यांनी अन्नाचे आयुष्य कसे घटते, हे त्या तीन आकड्यांत आले आहे. कोकणातील एप्रिल हा दमटपणाच्या बाबतीत पावसाळ्याचाच थोरला भाऊ, म्हणून वहिनींनी शेवटी पाचाऐवजी तीनच दिवस धरले.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याच्या शिस्तीचा येथे फार उपयोग झाला. संध्याकाळी भांडी घासून पालथी पडली की रात्रभर सांभाळायचे उरलेसुरले काही नसते. शिजवलेले अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असे अन्नसुरक्षेचे शास्त्र सांगते. बेताने शिजवावे आणि त्याच बैठकीला संपवावे, हे ज्या घरात पूर्वापार आहे त्याला या नियमाची भीती नाही.

पेयांच्या बाबतीत तर कोकणाने आपली सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. रातांब्याचे आगळ, म्हणजे मिठात मुरवलेला रस, बाटलीत भरून फडताळात ठेवा. वर्षभर त्याला फ्रीज लागत नाही. साखरेत मुरवलेले अमृत कोकमही तसेच. सोलकढीचे मात्र वेगळे : नारळाचे दूध काढल्यापासून काही तासांत आंबते, म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास करावी आणि उरवू नये. आमच्या सुनेने एकदा दुपारची सोलकढी चारच्या चहाच्या वेळी पुन्हा काढली. वास पाहून वहिनींनी ती आंब्याच्या बुंध्याशी ओतली. शहाळे तर देवाने बंद करून दिलेली बाटलीच. फोडेपर्यंत चिंता नाही.

माठाने मात्र आमची निराशा केली. कोल्हापूरहून चांगला भाजलेला काळा माठ जपून नेला होता. घरी त्यातले पाणी पिताना दातांना कळ लागते. फोंडाघाटाला तोच माठ, तेच पाणी, तीच सावली. पण दुसऱ्या दिवशीही पाणी नुसते कोमटपणातून सुटलेले. धाकट्या नातीने विचारले, ‘‘आजोबा, माठ बिघडला का?’’

माठ बिघडला नव्हता. माठाच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी हवेत उडून जाताना उष्णता घेऊन जाते. एका ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी, म्हणजे तेवढाच बर्फ वितळताना शोषतो त्याच्या सातपट. इतका समर्थ उपाय, तोही फुकटचा. पण पाणी उडून जायला हवेत जागा पाहिजे. घाटावर दुपारी ३७ अंश तापमान आणि २५ टक्के आर्द्रता असेल, तर माठातील पाणी फार तर २२ अंशांपर्यंत उतरू शकते. घाटाखाली ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना तीच मर्यादा २८ अंशांवर येऊन थांबते. वरच्या हवेत ऊन अधिक आणि तरी पाणी गार. खालच्या हवेत ऊन कमी आणि पाणी कोमट. पूर्वी ट्रकच्या तोंडाशी कॅनव्हासची छागल लटकलेली असे. वाऱ्यावर झुलत ती पाणी गार करी, आणि तिचाही खरा पराक्रम घाटमाथ्यावरच्या कोरड्या रस्त्यांवर चाले. नायजेरियाचे शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी एका मडक्यात दुसरे मडके आणि मध्ये ओली वाळू अशी रचना करून भाजी टिकवण्याची सोय प्रचारात आणली, त्याबद्दल त्यांना २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला; दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विटांच्या दुहेरी भिंतीत ओली वाळू भरून केलेला ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ याच तत्त्वावर चालतो. कोरड्या मुलखात ही साधने सोन्यासारखी. किनाऱ्यालगत त्यांच्याकडून फार अपेक्षा करू नये.

तरीही माठ वाया गेला नाही, कारण बंधूंना इन्सुलिन घ्यावे लागते. खरे तर या साऱ्या खटाटोपाचे मुख्य कारण तेच होते. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. वापरात असलेली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण तापमान ३० अंशांच्या वर जाऊ नये. दोन्ही बाबतींत डॉक्टरांना आणि पाकिटावरील सूचनेला विचारूनच ठरवावे. वापरातली कुपी आम्ही स्टीलच्या घट्ट डबीत घालून लहान मडक्यात ठेवली, ते मडके ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात. दुपारी बाहेर ३४ असताना आत २८ ते २९. इथे माठाची कोकणातली मर्यादाच नेमकी पुरली. राखीव कुप्या मोठ्या पेटीत होत्या, पण बर्फाच्या बाटलीला टेकून नव्हेत. इन्सुलिन गोठले की निकामी होते, आणि वरून पाहून ते कळेलच असे नाही. म्हणून त्या टॉवेलमध्ये गुंडाळून, डब्यात घालून, पेटीच्या वरच्या भागात ठेवल्या, आणि शेजारी एक साधा तापमापक.

या तापमापकाचा ताबा कोणी घेतला असेल? त्याच पुतण्याने, ज्याला बावीस वर्षांपूर्वी जलसंजीवनी पाजावी लागली होती. आता तो स्वतः एका मुलीचा बाप आहे. रोज पहाटे पेटी उघडायची ती त्याने, आणि आकडा माझ्या वहीत लिहायचा तोही त्याने. पहिल्या दिवशी ३, दुसऱ्या दिवशी ३, तिसऱ्या दिवशी ५, चौथ्या दिवशी ७. बाराही बाटल्या जवळजवळ वितळल्या होत्या. माझा हिशेब पाच दिवसांचा होता. नऊ माणसांच्या हातांनी तो एका दिवसाने खोटा ठरवला.

वाट अगदी साधी निघाली. फोंडाघाटच्या बाजारात एका दुकानदाराकडे शीतपेटी होती. पुतण्याने त्यांना विचारले, ‘‘काका, आमच्या सहा बाटल्या रोज गोठवून द्याल काय?’’ ते हसले आणि म्हणाले, ‘‘हाडून ठेव, जागा आसा.’’ त्याच दिवशी संध्याकाळी त्यांच्या शीतपेटीत आधीपासून गोठलेल्या त्यांच्याच दोन बाटल्या त्यांनी आम्हाला उसन्या दिल्या, आणि पाचव्या दिवसापासून सहा-सहांची अदलाबदल सुरू झाली : वितळलेल्या द्यायच्या, गोठलेल्या आणायच्या. पैसे घ्यायला ते तयार नव्हते. शेवटी विजेच्या बिलाचे म्हणून घेतले. ऐंशी किलो बर्फाचा जो प्रश्न मी महिनाभर वहीत सोडवत बसलो होतो, तो बाजारात एका वाक्यात सुटला. लांबच्या मुक्कामाला निघणाऱ्यांनी पेटी विकत घेण्याआधी जवळच्या गावात अशी शीतपेटी कोणाकडे आहे, हे विचारून ठेवावे.

विहिरीचाही उल्लेख करायला हवा. खोल विहिरीचे पाणी वर्षभराच्या सरासरी तापमानाजवळ राहते, त्यामुळे दुपारी ते हवेपेक्षा सहा-सात अंशांनी गार लागते. काकड्या आणि कलिंगड कापडी पिशवीत बांधून दोराने सोडायचे, तासाभराने ओढायचे. फ्रीजइतके थंड नाही, पण उन्हातून आलेल्याला तेवढे पुरते. गावची विहीर असेल तर मात्र पिशवी स्वच्छ धुतलेली हवी आणि मालकांची परवानगी हवी. वर दाजीपूरच्या जंगलात असे स्वातंत्र्य नाही. ते १९५८ पासूनचे अभयारण्य आहे, तेथे मुक्काम, चूल, कचरा या साऱ्यांना वन खात्याचे नियम आहेत आणि ते असलेच पाहिजेत. गव्यांच्या वाटेवर अन्नाचा वास सोडून येणे कोणाच्याच हिताचे नाही.

दहाव्या दिवशी दुकानाला सुट्टी होती, बाटल्या बदलता आल्या नाहीत. अकराव्या दिवशी पहाटे मी जागा झालो तेव्हा पुतण्या कंदील घेऊन पेटीपाशी बसलेला होता. तापमापक ११ दाखवत होता. आवराआवर करून दुपारी निघायचे होते. दोन राखीव कुप्या त्याने थर्मासमध्ये, शेवटच्या गार पाण्याच्या बाटलीशेजारी, रुमालात गुंडाळून ठेवल्या. मग दह्याचा डबा उघडून वास घेतला. मलाही दिला. मला त्यात काहीच वावगे वाटले नाही आणि मी तसे म्हणालोही. तो म्हणाला, ‘‘काका, रात्री किती वाजता आठच्या वर गेले ते आपल्याला माहीत नाही,’’ आणि डबा घेऊन आंब्याच्या बुंध्याकडे गेला.